कुलूपबाब, तुम्हांला बस कशाला हवी?

प्रति,
श्री. कुलूपबाब,
बंद दरवाजा, दुसरे घर,
मु. पो. मांद्रे, ता. पेडणे, गोवा.
(प्रत माहितीसाठी: डिचोली तालुक्यात होऊ घातलेले आपले बंधू)



आपली प्रकृती उत्तम असणारच. पावसात थोडा गंज चढला असेल, तर केअरटेकर तेल घालून जात असेल. विजेचं बिल किरकोळ, पाण्याचं त्याहून किरकोळ, शेजाऱ्याशी वाद नाही, ग्रामसभेत ताटकळणं नाही. नाताळ ते नवं वर्ष एवढे दिवस मालक येतात, आपल्याला कडीवरून काढून खणात ठेवतात, तेवढीच काय ती गैरसोय. बाकी वर्षभर तीन बेडरूम, चार बाथरूम आणि एक तरणतलाव एकट्याने सांभाळायचा. एवढ्या एकांतात माणूस वेडा झाला असता. आपण मात्र लोखंडाचे.

गोव्यात आपण अल्पसंख्य नाही, हेही सांगून टाकतो. २०११ च्या जनगणनेत राज्यात सव्वा लाखाच्या आसपास घरं रिकामी आढळली. म्हणजे पाचांतलं साधारण एक. त्याच जनगणनेत पेडणे तालुक्याची लोकसंख्या भरली ७५,७४७ आणि डिचोलीची ९७,५५५. थोडा हिशेब करू. तान्ह्या बाळापासून आजीपर्यंत पेडण्याच्या प्रत्येक माणसाला तुमच्यातलं एकेक घर वाटलं असतं, तरी डिचोलीतल्या जवळजवळ अर्ध्या माणसांना पुरतील एवढी घरं उरली असती. आणि हा हिशेब २०११ चा आहे. त्यानंतर मोपाचा विमानतळ झाला, कोविडनंतर देशभरच्या पैसेवाल्यांना समुद्राची आठवण आली आणि आपल्या कुळाची भरभराट झाली. आता किती झालात ते २०२७ च्या जनगणनेत कळेल.

न्यायाने बोलायचं तर त्या सव्वा लाखांत आपले गरीब भाऊबंदही होते. मुंबईला, पोर्तुगालला, इंग्लंडला गेलेल्यांची मातीची घरं. वारसाहक्काच्या इन्व्हेंटरीचा दावा अडकल्यामुळे आठ वारसांत एका चावीवर एकमत न झालेली घरं. त्या गंजक्या कुलपांशी आमचं भांडण नाही. त्यांच्यामागे निदान कुणीतरी जन्मलेलं असतं. हे पत्र आपल्यासारख्या चकचकीत, पितळी, जन्मतःच बंद असलेल्या कुलपांना आहे.

आपल्यासाठी या राज्याने काय केलं नाही? २००६ साली ‘प्रादेशिक आराखडा २०११’ आला, तेव्हा लोक अडाणीपणाने रस्त्यावर उतरले, गोवा बचाव अभियान उभं राहिलं आणि २००७ च्या जानेवारीत सरकारला आराखडा मागे घ्यावा लागला. मग चार्ल्स कोरिया यांच्यासारख्या वास्तुविशारदाला घेऊन कृतिदल नेमलं, पंचायतींपुढे नकाशे पसरले, गावाला विचारून ‘प्रादेशिक आराखडा २०२१’ तयार झाला. त्यात उणिवा होत्या, पण गावाने तो पाहिलेला होता. आपल्या हितचिंतकांना हे विचारणं फार वेळखाऊ वाटलं. म्हणून नगरनियोजन कायद्यात २०१८ साली कलम १६ब आलं, २०२३ साली १७(२) आलं, २०२४ साली ३९अ आलं. तिघांचे स्वभाव वेगळे असले तरी काम एकच: सगळा नकाशा उघडून बसायचं नाही, एकेका सर्व्हे नंबरचा रंग बदलून द्यायचा.

त्यातलं १७(२) तर फारच विनयशील. आराखड्यात नजरचुकीने राहिलेल्या त्रुटी दुरुस्त करणं, एवढाच त्याचा हेतू. मग असं लक्षात आलं की जुन्या नियोजनकारांची नजर नेमकी भातशेतीवर, डोंगरउतारावर आणि काजूच्या बागायतीवर चुकत गेली होती. लाखो चौरस मीटर नजरचुका! अखेर १३ मार्च २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने या कलमाखालचे नियम रद्द केले आणि दुरुस्ती म्हणजे खरोखरच्या चुकीची दुरुस्ती, असं बजावलं. आपण खचून जाऊ नये. पुढचा दरवाजा लागला तर ३९अ ची खिडकी आहे.

आमच्या पेडण्यात तर आपल्या स्वागताची तयारी घाऊक होती. २०२३ साली तालुक्याचा झोनिंग आराखडा आला. मसुदा लोकांनी उघडून पाहिला, तेव्हा जिथे हिरवा रंग असायचा तिथे सेटलमेंट, म्हणजे बांधकामाचा झोन, दिसू लागली. हरमलपासून धारगळपर्यंत बैठका झाल्या, हरकती लिहिल्या गेल्या, आणि पेडण्याचे प्रवीण आर्लेकर आणि मांद्र्याचे जीत आरोलकर हे सत्तेच्या बाजूचे दोन्ही आमदारही लोकांच्या सुरात सूर मिळवू लागले. ऑक्टोबरात नगरनियोजनमंत्री विश्वजित राणे यांनी तो आराखडा स्थगित ठेवला. आपलं केवढं पुनर्वसन राहून गेलं!

पण त्या गदारोळात एक गोष्ट धड ऐकू आली नाही, आणि तिचा फायदा आजही आपल्यालाच होतो. पेडणेकरालासुद्धा घर हवं आहे. मूळ घराचे भावाभावांत तीन भाग झाले, चुली वेगळ्या झाल्या, मुलगा लग्नाचा झाला. घरामागे बापजाद्यांची जमीन आहे, पण ती नकाशात ऑर्चर्ड. तिथे दोन खोल्या बांधायच्या तर झोन, जमीन रूपांतराची सनद, बांधकाम परवाना, तांत्रिक मंजुरी असा जो घाट चढावा लागतो, त्यात त्याची सुट्टी आणि पीएफ दोन्ही संपतात. आंदोलनात ‘नको’ हा शब्द मोठ्याने घुमला, कारण समोर संकट मोठं होतं. ‘आम्हांला हवं’ हे म्हणायला कुणी माईक दिला नाही. त्यामुळे आपल्या वकिलांना बोलायला आयती फट सापडली: हे लोक विकासविरोधी आहेत, यांना घरंच नकोत.

घरं नकोत? साठ वर्षं या दोन तालुक्यांत माणसं घरासाठीच भांडत आली आहेत. फक्त त्यांच्या मागणीत तरणतलाव नव्हता, म्हणून तिला गृहनिर्माण म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

उदाहरण म्हणून आपल्या डिचोलीकर बंधूंना मये गावात पाठवा. १९६१ साली गोवा मुक्त झाला आणि तिथला भाटकार, म्हणजे जमीनदार, काउंट पोर्तुगालला निघून गेला. गाव मुक्त झालं, गावाची जमीन मात्र झाली नाही. ती ‘इव्हॅक्यूई प्रॉपर्टी’ ठरली आणि १९६४ च्या कायद्याने सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात गेली. पिढ्यान्पिढ्या तिथे राहणाऱ्या माणसाला स्वतःच्या घराची भिंत उंच करायची तर परवानगी कुणाची, कागद कुणाच्या नावाचा, या प्रश्नांवर मयेकरांनी सभा घेतल्या, मोर्चे काढले, समिती स्थापन केली, उपोषणं केली. त्यांना मालकी देण्याचा कायदा विधानसभेत यायला २०१४ साल उजाडलं. मुक्तीनंतर ५३ वर्षांनी. आणि कायद्यानंतर पुन्हा सनदेसाठी रांग.

मुंडकारांचं तसंच. १९७५ चा मुंडकार कायदा म्हणतो की भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याला बाहेर काढता येणार नाही, आणि गावात ३०० चौरस मीटरपर्यंत, शहरात २०० चौरस मीटरपर्यंत जागा तो विकत घेऊ शकतो. कायदा सुंदर आहे. मामलेदाराच्या कोर्टात बापाने लावलेला दावा मुलगा चालवतो आणि नातू तारीख विचारायला जातो, इतका सुंदर. डिचोलीतल्याच मुळगावची माणसं तर याहून साधं मागतात: खाणीच्या लीजच्या हद्दीतून आमची घरं आणि देवळं तेवढी वगळा. राहत्या घराला खाणीतून वगळा म्हणून अर्ज करावा लागतो आणि न राहत्या घरासाठी शेत वगळलं जातं, यालाच नियोजन म्हणत असावेत.

२०२५ च्या मार्चमध्ये तर एका आठवड्यात दोन निकाल आले. ६ मार्चला न्यायालयाने रस्त्यांलगतच्या, शेतांतल्या, सरकारी आणि कोमुनिदादच्या जमिनीतल्या बेकायदा बांधकामांवर कारवाईचा आदेश दिला, आणि हजारो साध्या घरांतली झोप उडाली. १३ मार्चला आपल्या १७(२) च्या नियमांचा निकाल लागला. पहिल्या निकालानंतर गावकरी हातात घरपट्टीच्या जुन्या पावत्या घेऊन पंचायतीत धावले. दुसऱ्यानंतर आपण कुठे धावलात? कुलूप धावत नाही. त्याच्या वतीने धावणारे पगारी असतात. पुढे ऑक्टोबरात ‘माझे घर’ योजना थाटात सुरू झाली, तेव्हा चाळीस-चाळीस वर्षं राहणारी माणसं हे घर माझंच आहे असं अर्जात लिहून देऊ लागली. योजना पूर्ण पार पडो, ही इच्छा. पण अर्ज करायची वेळ राहणाऱ्यावर यावी आणि न राहणाऱ्यावर येऊ नये, हे कौतुकास्पद आहे.

आश्वासनांची आम्हांला सवय आहे. पेडण्याची पुनव ऐकली आहे का? कोजागिरीच्या रात्री भगवतीच्या देवळापुढे माणसांचा समुद्र लोटतो. सांगतात की देव भूतनाथाला स्वतःचं देऊळ हवं आहे, म्हणून तो रागावतो. मग भक्त त्याची समजूत काढतात आणि देऊळ बांधण्याचं वचन देतात. पुढच्या वर्षी देव पुन्हा विचारतो. जिथे देवालाच दर कोजागिरीला घराचं आश्वासन मिळतं, तिथे मुंडकाराने किती घाई करावी? फरक एवढाच की देव वर्षातून एकदा तरी जाब विचारतो.

आता मुद्द्याचं. हे पत्र घराबद्दल वाटलं असेल. ते बसबद्दल आहे.

कुलूपबाब, आपण बसने जात नाही. पहाटे सहाच्या पाळीला मोपावर हजर राहायचं नसतं, धारगळच्या आयुर्वेद रुग्णालयात रात्रपाळी संपवून परतायचं नसतं, तुये किंवा डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत कार्ड पंच करायचं नसतं, दहावीच्या क्लासवरून आठ वाजता सुटायचं नसतं. आपण कशाला बसची वाट पाहाल? आणि जो वाट पाहत नाही, त्याच्यासाठी बस येत नाही. वाडीवरच्या वीस घरांपैकी आठ घरांत आपण बसलात की त्या वाडीचे प्रवासी तेवढे कमी होतात. खाजगी बसवाला डिझेलचा हिशेब मांडतो आणि संध्याकाळची शेवटची फेरी गाळतो. फेरी गळाली की उरलेल्या बारा घरांत हप्त्यावर स्कूटर येते. स्कूटर आली की पुढची फेरी गळते. शाळेचा पट घसरतो, सरकारी प्राथमिक शाळेला टाळं लागतं. म्हणजे पुन्हा आपलाच नातेवाईक! अशा रीतीने या राज्यात जितकी माणसं, जवळपास तितकीच नोंदणीकृत वाहनं झाली. रस्ता मग सहापदरी करावा लागतो, त्यासाठी डोंगर कापावा लागतो, मालपे बायपासला पावसात दरड कोसळते, आणि तेवढ्यात कुणीतरी म्हणतं की विकासाला किंमत मोजावीच लागते.

मोपाचा विमानतळ घ्या. दोन हजार एकरांहून जास्त जमीन गेली. मोपा, वारखंड, नागझर, कासारवर्णे, चांदेल, उगवे ही गावं त्यात पोळली. ११ डिसेंबर २०२२ ला पंतप्रधानांनी उद्घाटन केलं, ५ जानेवारी २०२३ ला विमानं सुरू झाली. ज्यांच्या काजू तिथे होत्या त्या पेडणेकरांना टॅक्सीच्या काउंटरसाठी आंदोलन करावं लागलं. तेही बरोबरच, पोटाचा प्रश्न होता. पण तालुक्यातल्या गावागावांतून विमानतळावर पाळीच्या वेळेला पोचवणारी बस हवी, म्हणून त्याच तिडकीने कोण उठलं? विमानाने मुंबई तासाभरात येते. हाळी-चांदेलहून मांद्र्याला सार्वजनिक वाहनाने जायचं तर डबा बांधून निघावं. केरीहून तेरेखोलला जायला आजही फेरीबोटच. डिचोलीला तर रेल्वे स्टेशनसुद्धा नाही, आणि पेडण्याला आहे ते मालप्यात, जिथून गावात यायला पुन्हा वाहन शोधा. बांदा, सावंतवाडी, दोडामार्गची पोरं रोज सीमा ओलांडून मोटारसायकलवर कामाला येतात. पाऊस, रात्र आणि ट्रक या तिघांशी झुंजत. त्यांना भाड्याने परवडेल अशी खोली इथे मिळाली असती तर? पण खोली महिन्याने द्यायची की रात्रीने, हा प्रश्न आला की ॲप उत्तर देतं.

हो, इथे आपल्या बाजूनेही एक साक्ष देतो. आपल्याला जमीन दिली ती आमच्यातल्याच कुणीतरी. दलाल आमचाच, मातीचे ट्रक आमच्याच माणसाचे, आणि अंगणातल्या दोन खोल्या पर्यटकाला देऊन नर्सबाईंना ‘जागा नाही’ म्हणणारा काकाही आमचाच. बसमालकाला शिव्या घालून स्वतःच्या मुलाला अठरावं लागताच बाईक घेऊन देणारेही आम्हीच.

पण या मातीला बससाठी भांडता येत नाही असं समजू नका. १९७८-७९ साली गोव्याच्या विद्यार्थ्यांनी बसभाड्यात पन्नास टक्के सवलतीसाठी सगळा गोवा हलवला होता. तेव्हा सगळ्या बसगाड्या खाजगी. विद्यार्थी म्हणजे जागा अडवणारं अर्धं गिऱ्हाईक. पोरं रस्त्यावर उतरली, लाठ्या खाल्ल्या, सवलत मिळवली. १९८० साली कदंब महामंडळ जन्माला आलं, त्यामागे त्या आंदोलनाची धग होती. आज ‘कदंब’ इलेक्ट्रिक बसगाड्या आणते, खाजगी बसवाल्यांना ‘म्हजी बस’ योजनेत ओढते, चांगलं आहे. पण अर्ध्या तिकिटासाठी लढलेली पिढी आज आजी-आजोबा झाली आणि त्यांच्या नातवंडांना सात वाजल्यानंतर पूर्ण तिकिटातही बस नाही.

आपले वकील आता शेवटचा पत्ता टाकतील: घरं वाढू द्या, पुरवठा वाढला की भाव उतरतील. तत्त्व खोटं नाही. जिथे घेणारा राहायला येतो, तिथे ते चालतंही. पण इथे मागणी राहणाऱ्याची नाही, गुंतवणाऱ्याची आहे; दिल्लीच्या खिशाला मांद्र्याचा भाव स्वस्तच वाटणार, आणि तो खिसा तळाला लागेपर्यंत आमचे डोंगर संपतील. जगात हे ओळखलेलं आहे. इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावरच्या सेंट आयव्हज गावाने २०१६ साली मतदान घेऊन ठरवलं की नवं घर बांधलं तर ते कायम राहणाऱ्यासाठीच. कॅनडातल्या व्हँकुव्हरने २०१७ पासून रिकाम्या घरावर किमतीच्या एक टक्का कर बसवला, पुढे तो तीन टक्के केला. तिथलं सगळं सोन्याचं झालं असं नाही. पण घर मोजताना आत माणूस आहे का हे विचारायची पद्धत तरी पडली. इकडे डिचोलीतल्या कारापूर-सर्वणच्या ग्रामसभेत मोठ्या गृहप्रकल्पाविरुद्ध उभे राहिलेले लोक हाच प्रश्न विचारत होते: एवढी घरं येणार, त्यांत राहणार कोण? पाणी कुठून, रस्ता कोणता?

तेव्हा आमच्या मागण्या लिहून देतो. एक, वर्षातले बहुतेक महिने बंद राहणाऱ्या घराची घरपट्टी पंचायतीने इतकी वाढवावी की मालकाला ते भाड्याने देणं परवडेल. त्या पैशातून गावची बस चालवावी. दोन, पेडणे आणि डिचोलीत नवी सेटलमेंट आखायचीच असेल तर ती एकेका अर्जावर नको, गावाच्या आराखड्यातून. आणि बस न जाणाऱ्या जागी मोठ्या प्रकल्पाला मंजुरी नको. तीन, राहायला स्वतःच्या जमिनीत दोन खोल्या बांधणाऱ्याला आपल्यापेक्षा आधी आणि आपल्यापेक्षा स्वस्तात सनद मिळावी. चार, मुंडकारांचे आणि मयेकरांचे दावे मुदत घालून निकाली काढावेत. पाच, गृहनिर्माण मंडळाने भूखंडांचा लिलाव करण्यापेक्षा विमानतळाच्या, रुग्णालयाच्या, कारखान्यांच्या कामगारांसाठी भाड्याची घरं बांधावीत. सहा, म्हापशाहून पेडण्याला आणि डिचोलीला रात्री दहापर्यंत दर अर्ध्या तासाला कदंब, आणि मोपाच्या पाळ्यांशी जुळणारी गावची फेरी.

यातल्या एकाही मागणीने आपलं घर पाडलं जात नाही. फक्त आत माणूस येतो, आणि आपल्याला थोडं कमी काम उरतं.

आपण या पत्राला उत्तर देणार नाही, हे ठाऊक आहे. आपल्याला इथे मतही नाही. मत आमच्याकडे आहे. ते आजवर आम्ही मतदानाआधीच्या डांबरावर आणि भजनी मंडळाच्या पेटी-तबल्यावर देऊन मोकळे होत आलो. २०२७ साली विधानसभेचं मतदान येईल तेव्हा उमेदवार ओटीवर येऊन बसतील, चहा घेतील, विकास सांगतील. त्यांना एवढंच विचारायचं ठरलं आहे: बाब, तुमच्या आराखड्यात आमच्या गावाला शेवटची बस किती वाजता?

आपला,
एक पेडणेकर प्रवासी